बर्फ टाकणार कुठे?

अमेरिकेतल्या टग हिलच्या पठारावर ट्रॅक्टर फक्त शेतीसाठी घेतात असं मानणारा माणूस पहिल्या हिवाळ्यातच शहाणा होतो. इथे निवृत्त शिक्षिकेच्या दारात ट्रॅक्टर असतो, दंतवैद्याच्या दारात असतो आणि ज्याच्याकडे नांगरायला गुंठाभर जमीन नाही त्याच्याही दारात असतो. उन्हाळ्यात तो गवत कापतो, खडी पसरतो, लाकडं ओढतो. पण तो घेतलेला असतो हिवाळ्यासाठी. घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची खाजगी वाट, म्हणजे ड्राइव्हवे, रोज मोकळी राहिली नाही तर नोकरी, शाळा, दवाखाना सगळंच अडतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘नेमकं माप’ असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी शिंपी आठवले, मग सोनार. त्याच सुमाराला न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहणाऱ्या मावसबहिणीचा फोन आला. तिने आणि तिच्या नवऱ्याने सिरॅक्यूज शहरातलं घर सोडून उत्तरेला तासाभरावर, पठाराच्या उतारावर पाच एकर जागेतलं जुनं घर घेतलं होतं. ‘‘ताई, ट्रॅक्टर घ्यायचाय. केवढा घ्यायचा ते कुणीच धड सांगत नाही. ज्याला विचारावं तो उलट आम्हालाच प्रश्न विचारतो.’’ मला माझा विषय मिळाला होता. मी तिकडे गेले, ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या आवारात हिंडले, बर्फ काढणाऱ्यांच्या शेजारी बसले. लोक उलट प्रश्न का विचारतात ते मग हळूहळू कळत गेलं.

सरोवर जिथे रितं होतं

टग हिल हे ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला हळूहळू चढत जाणारं पठार. पश्चिमेची बाजू सरोवराच्या पातळीजवळ, तर पूर्वेचा कडा दोन हजार फुटांच्या आसपास. हिवाळ्यात कॅनडाकडून येणारी कोरडी, गार हवा सरोवरावरून वाहते. सरोवराचं पाणी त्या मानाने उबदार असतं. हवा खालून तापते, ओल उचलते, वर चढते आणि किनारा ओलांडल्यावर पठाराच्या चढाला लागून आणखी वर ढकलली जाते. तिथे ती सगळी ओल हिमाच्या रूपात सांडते. शेजारचं ईरी सरोवर उथळ असल्याने हिवाळा सरता सरता बरंचसं गोठतं आणि हा कारखाना मंदावतो. ऑन्टारिओ खोल आहे, ते सहसा पूर्ण गोठत नाही. त्यामुळे टग हिलवर हिमाचा पुरवठा मार्चपर्यंत चालू राहतो. पठाराच्या मध्यभागी वर्षाला सरासरी २०० इंचांहून अधिक हिम पडतं, म्हणजे पाच मीटरच्या वर.

हे हिम अरुंद पट्ट्यांत येतं. एका गावात कमरेएवढा थर आणि दहा मैलांवर ऊन, असं इथे सर्रास घडतं. फेब्रुवारी २००७ मध्ये रेडफिल्ड या गावात दहाएक दिवसांत १४१ इंच हिम पडलं. त्याआधी जानेवारी १९९७ मध्ये माँटेग्यूमध्ये २४ तासांत ७७ इंचांची नोंद झाली होती, पण ती विक्रम म्हणून मान्य झाली नाही. मोजणाऱ्याने नियमात बसतं त्यापेक्षा जास्त वेळा मोजून बेरीज केली होती. ताजं हिम पडल्यापासून दबत जातं. दर थोड्या वेळाने फळी पुसून नव्याने मोजलं तर दबण्याआधीचाच आकडा दरवेळी हाती लागतो आणि बेरीज फुगते. ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही यातून घेण्याजोगं आहे. हवामानखात्याचे इंच ऐकून यंत्र घेऊ नये. आपल्या वाटेवर पहाटे प्रत्यक्ष काय पडलेलं असतं, त्यावर घ्यावं.

आधी वाट चालून या

पहिल्याच विक्रेत्याकडे बहिणीच्या नवऱ्याने ‘‘किती एचपीचा घेऊ?’’ असं विचारलं. काउंटरमागच्या बाईंनी कागद पुढे केला आणि वाटेचं चित्र काढायला सांगितलं. लांबी किती, रुंदी किती, चढ कुठे, वळण कुठे, खाली डांबर की खडी, विजेचा खांब कुठे, वारा कुठून येतो. मग मुख्य प्रश्न: बर्फ टाकणार कुठे?

या प्रश्नाचं वजन किती ते कळायला साधा हिशेब पुरतो. बहिणीची वाट सुमारे ४०० फूट लांब आणि १२ फूट रुंद. तिच्यावर एक फूट हिम पडलं तर ४,८०० घनफूट झालं. सरोवराकडून आलेलं ताजं, पिंजलेल्या कापसासारखं हिम असेल तर घनफुटाला दोन-अडीच किलो धरा, म्हणजे बारा टनांच्या आत-बाहेर. तेच मार्चमधलं ओलं हिम असेल तर घनफुटाला सहा किलो सहज भरतं आणि एकूण आकडा तीस टनांजवळ जातो. एका रात्रीत दारात येऊन पडणारा हा माल कुठेतरी हलवायलाच हवा. पुढच्या रात्री पुन्हा येणार आहे, आणि आधीचा वसंतापर्यंत जागचा हलणार नाही.

म्हणून शेजारचा दूध उत्पादक शेतकरी नोव्हेंबरातच वाटेच्या दोन्ही कडांपासून तीन-चार फूट बाहेरपर्यंत बर्फ ढकलतो. पहिल्याच हिमात इतका खटाटोप कशासाठी, असं नवख्याला वाटतं. पण बाजूला ढकललेला बर्फ रात्रीत दबतो आणि गोठून त्याचा टणक बांध होतो. पुढचा बर्फ त्या बांधाच्या आत पडतो, मग बांध आणखी आत सरकतो. डिसेंबरात आळस केला तर फेब्रुवारीत बारा फुटांची वाट आठ फुटांवर येते. त्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. त्याचं दूध न्यायला टँकर येतो. टँकर आत शिरला नाही तर दूध थांबतं, पण गाई दूध द्यायच्या थांबत नाहीत. हा दूधदुभत्याचा मुलूख आहे. जवळच्या लाउव्हिल गावात क्रीम चीजचा मोठा कारखाना आहे, तिथल्या दुधाची साखळी अशाच वाटांवरून सुरू होते.

वाटेच्या दोन्ही कडांना खुणेच्या उंच काठ्या दिसल्या, वर चकाकणारी पट्टी लावलेल्या. जमीन गोठायच्या आत त्या ठोकाव्या लागतात. पहाटेच्या अंधारात तीन फूट हिमाखाली फुलांचा वाफा कुठे आणि नाला कुठे, हे त्या काठ्याच सांगतात.

ढकलणं, उचलणं, उडवणं

बर्फ हलवायच्या तीन पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या ट्रॅक्टरची मागणी करते.

ढकलायला पातं लागतं. ते पुढे बसवा किंवा मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे अवजारं टांगायच्या जोडणीला. हे सर्वांत स्वस्त आणि जलद. चार-सहा इंच हिम असेल आणि बाजूला मोकळं रान असेल तर पात्यासारखं दुसरं काही नाही. पण पात्याला इंजिनापेक्षा वजन लागतं. हलका ट्रॅक्टर पातं लावून पुढे जातो आणि जागच्या जागी चाकं फिरवत बसतो. शिवाय पातं लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या उचलयंत्राच्या, हातांवर बसवलं आणि बर्फाखालच्या दगडावर आदळलं तर सगळा दणका त्या हातांना बसतो. त्यासाठी स्प्रिंगवर मागे झुकणारी पाती मिळतात.

उचलायला लोडरची बकेट असते. ढीग रचणं, कोपरे साफ करणं, गोठलेला बांध फोडणं यांसाठी ती हवीच. मात्र अख्खी वाट बकेटने काढायला निघालात तर हिशेब करून बघा. लहान ट्रॅक्टरच्या चार फुटी बकेटमध्ये सहा-सात घनफूट मावतं. आपले ४,८०० घनफूट म्हणजे सातशेच्या आसपास खेपा.

उडवायला स्नो ब्लोअर. पुढे आडवं फिरणारं मळसूत्र हिम कापून मध्यभागी आणतं आणि त्यामागचा पंखा ते धुराड्यासारख्या नळीतून वीस-तीस फूट लांब फेकतो. बांध तयारच होत नाही. टग हिलवर जिथे जागा संपते तिथे ब्लोअर लागतो. पण तो पीटीओवर चालतो, म्हणजे इंजिनाची ताकद शाफ्टमधून थेट खातो. तो महाग असतो आणि खडीच्या वाटेवर दगडही तितक्याच उत्साहाने फेकतो. म्हणून खालच्या घसरपट्ट्या लावून त्याचं तोंड जमिनीपासून इंचभर उंच ठेवतात आणि जमीन गोठेपर्यंत तळाला जात नाहीत.

मागे बसवायचा ब्लोअर स्वस्त पडतो, पण सगळं काम उलटं चालवत, मान वळवून करावं लागतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात यावर छान तोड काढली आहे. तिथले ठेकेदार ट्रॅक्टरमागे असा ब्लोअर लावतात ज्याचं तोंड ट्रॅक्टरकडेच असतं. ट्रॅक्टर दारापर्यंत मागे जातो, ब्लोअर खाली सोडतो आणि सरळ पुढे चालत हिम ओढून उडवत बाहेर येतो. मोसमाचे पैसे आधी घेतलेले असतात. एकेक ट्रॅक्टर पहाटे गल्लीतल्या वाटा ओळीने साफ करत जातो. शेजारच्या दूधवाल्याकडेही असाच ब्लोअर होता, पण त्याला जोडलेला ट्रॅक्टर शंभरेक एचपीचा.

पंचविसाच्या अलीकडची गर्दी

विक्रेत्याच्या आवारात मला एक गोष्ट विचित्र वाटली. लहान-मोठ्या अंगाचे कितीतरी ट्रॅक्टर, पण ताकदीचा आकडा बहुतेकांवर तोच: २४ आणि वर काही दशांश. याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे डिझेल धुराचे नियम १९ किलोवॅटपासून, म्हणजे साधारण साडेपंचवीस एचपीपासून, बरेच कडक होतात. ती रेषा ओलांडली की बहुतेक इंजिनांना काजळी अडवणारी गाळणी बसवावी लागते. ही गाळणी अधूनमधून तापवून आतली काजळी जाळावी लागते. थंडीत पंधरा मिनिटं हलकं काम करून बंद होणारं इंजिन तेवढं तापत नाही, मग काजळी साठते. शिवाय किंमत वाढते. म्हणून कंपन्या रेषेच्या अलीकडे थांबतात आणि गिऱ्हाईकही तिथेच गर्दी करतं.

इथे एचपीच्या आकड्याचं पितळ उघडं पडतं. जॉन डिअरचा १०२५आर आणि कुबोटाचा एल२५०१ यांच्या इंजिनांत जेमतेम एका एचपीचा फरक. पण पहिला लोडरशिवाय साडेसहाशे किलोंच्या जवळपास आणि दुसरा बाराशेच्या. पहिल्याचं पोट जमिनीलगत, चाकं लहान, दुसरा उंच आणि लांब. एक फूट ओल्या हिमात पहिल्याचं पोट बर्फावर टेकतं आणि चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. दुसरा पुढे जातो. पण तोच दुसरा तुमच्या गॅरेजच्या सात फुटी दारातून आत जाईलच असं नाही. पहिल्याचा मागचा सुरक्षा-दांडा दुमडला की तो मोटारीशेजारी गुपचूप मावतो. शंभर फुटांची सपाट, डांबरी वाट असेल तर लहानच शहाणपणाचा.

ब्लोअर घ्यायचा तर इंजिनाचा आकडा बाजूला ठेवून पीटीओचा आकडा विचारायचा. चोवीस एचपीच्या इंजिनातून पीटीओवर अठरा-एकोणीस उरतात. ब्लोअरच्या रुंदीला फुटामागे चार ते पाच एचपी लागतात, असा इथला ठोकताळा. म्हणजे चार-साडेचार फुटी ब्लोअर आरामात चालतो. पण ब्लोअर ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा रुंद हवा, नाहीतर एक चाक न काढलेल्या बर्फावर चढतं. अंगाने मोठा पण ताकदीने चोवीसचा ट्रॅक्टर पाच फुटी ब्लोअर मागतो आणि तिथे ओढाताण होते. उपाय एकच, सावकाश जायचं. त्यासाठी हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स उपयोगी पडतो. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवून, म्हणजे पंख्याचा जोर कायम राखून, पायातल्या पेडलने ट्रॅक्टर गोगलगायीच्या गतीने सरकवता येतो. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरवर तेच काम क्लच दाबत-सोडत करावं लागतं.

आवारात एका कडेला ओळखीचं नाव दिसलं: महिंद्रा. १९६३मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत भारतात ट्रॅक्टर करायला सुरुवात केली आणि १९९४मध्ये अमेरिकेत आपली कंपनी उघडली. २०२३मध्ये आणलेली त्यांची ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका जपानी भागीदारासोबत घडवलेली आणि तेलंगणातल्या झहीराबादला तयार होणारी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागायतदार चोवीस-पंचवीस एचपीचाच ट्रॅक्टर घेतो, कारण त्याला द्राक्षांच्या दोन ओळींतून जायचं असतं. तिथे ओळींमधलं अंतर यंत्राचं अंग ठरवतं, इथे वाट. बहिणीच्या नवऱ्याचं आजोळ निफाडचं. त्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा एचपी सोडून फुटांत बोलायला लागला.

टायरात बिटाचा रस

महाराष्ट्रात मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. नांगरताना चाकं घसरू नयेत म्हणून हे फुकटचं वजन. टग हिलवर हाच उपाय केला तर पाणी टायरमध्येच गोठेल. म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरत. ते जड असतं आणि गोठत नाही, पण गळती लागली की लोखंडी रिम खाऊन टाकतं. आता शर्कराबिटापासून साखर काढताना उरणाऱ्या मळीसदृश रसाचं चलन आहे. तो पाण्याहून जड, उणे ३५ सेल्सिअसलाही न गोठणारा आणि लोखंडाला न खाणारा. विक्रेत्याच्या शेडमध्ये एक मुलगा पंप लावून टायरमध्ये हा रस भरत होता.

वजनानंतर पकड. शेतीच्या टायरचे खोल, तिरके दात ताज्या हिमात धरतात. लोडरच्या ट्रॅक्टरांवर सहसा येणारे रुंद, बोथट दातांचे औद्योगिक टायर कठीण जमिनीवर बरे, पण बर्फाच्या काचेवर घसरगुंडी. हिरवळीचे बारीक खाचांचे टायर दिसायला नाजूक, तरी दबलेल्या बर्फावर त्यांची पकड चांगली असते. आणि चढ असेल तर साखळ्या. चारही चाकांना ताकद जात असली तरी उतारावर थांबायची वेळ आली की साखळीशिवाय भरवसा नाही. साखळ्या घेताना चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा आहे का ते पाहायचं. नसेल तर चाकं बाहेर सरकवायला स्पेसर लागतो आणि चाकं बाहेर सरकली की ब्लोअरची रुंदी पुन्हा मोजायला घ्यावी लागते.

पुढे लोडर आणि मागे काहीच नाही, अशी जोडणी सर्वांत धोक्याची. भरलेली बकेट उचलली की मागची चाकं हलकी होतात. मागे वजनाची पेटी किंवा एखादं अवजार टांगलेलं हवंच. बकेट खाली ठेवून चालवायचं, पट्टा बांधायचा, सुरक्षा-दांडा उभा ठेवायचा.

पहाटे पाचची गोष्ट

ट्रॅक्टरचं खरं माप पहाटे पाचला कळतं. बाहेर उणे वीस. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून हिवाळ्यात पंपावर पातळ डिझेल मिसळलेलं इंधन मिळतं. रात्रभर इंजिनाला विजेचा हीटर लावलेला असतो. सुरू झाल्यावरही हायड्रॉलिक तेल घट्ट असतं, लोडर कुरकुरत उठतो. दहा मिनिटं त्याला तसंच चालू द्यायचं.

केबिन हवी की नको यावर इथे घराघरांत वाद आहेत. केबिनने किंमत काही हजार डॉलरनी वाढते आणि उंचीही वाढते. पण उघड्या ट्रॅक्टरवर पुढचा ब्लोअर लावून वाऱ्याविरुद्ध चालवलं की उडवलेला अर्धा बर्फ आपल्याच तोंडावर येतो. शेजारचा शेतकरी सांगत होता की गारठलेला माणूस घाई करतो आणि घाईत हात जिथे जायला नको तिथे जातो. ओल्या बर्फाने ब्लोअरची नळी तुंबते. तेव्हा पीटीओ सोडायचा, इंजिन बंद करायचं आणि काठीने मोकळी करायची. हात कधीच घालायचा नाही, कारण अडकलेला पंखा मोकळा होताना झटका देतो. मळसूत्रात लाकूड वा दगड सापडला तर एक छोटा शिअर बोल्ट तुटतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. त्या शेतकऱ्याच्या कोटाच्या खिशात असे बोल्ट चिल्लर असावी तसे खुळखुळत असतात.

पहाटेची शेवटची परीक्षा वाटेच्या तोंडाशी. गावाचा मोठा प्लाऊ सार्वजनिक रस्ता साफ करत जाताना प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून जातो. तो ताज्या हिमासारखा भुसभुशीत नसतो. दबलेला, मीठ-मातीने भरलेला, गोठल्यावर दगडासारखा. पलीकडच्या मोकळ्या जागेत ढकलून द्यावा म्हटलं तर न्यूयॉर्क राज्यात खाजगी आवारातला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर टाकणं बेकायदा आहे. तो आतच वळवून घ्यावा लागतो. चारशे फुटांची वाट काढून आलेला लहान ट्रॅक्टर या शेवटच्या दहा फुटांत हात टेकतो. म्हणून विक्रेते वाटेच्या लांबीइतकंच तिच्या तोंडाविषयी विचारतात.

मग घेतला केवढा?

बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने शेवटी जड अंगाचा, चोवीस एचपीचा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर घेतला. गाळणी नको, पण पोट उंच हवं. मागे बिटाचा रस आणि साखळ्या, पुढे लोडर, मागे पाच फुटी ब्लोअर. केबिन या वर्षी नाही. नव्या ट्रॅक्टरला गॅरेजचं दार पुरेना, म्हणून जुन्या गोठ्याची एक भिंत काढून तिथे त्याची जागा केली.

पन्नास एचपीचा का घेतला नाही, असं मी विचारलं. दूधवाला शेजारी म्हणाला होता की घ्या, पैसे वसूल होतील. पण त्याला रोज गवताचे गठ्ठे उचलायचे असतात, शेण हलवायचं असतं, टँकरला वाट द्यायची असते. यांना उन्हाळ्यात एक बाग आणि दोन गाड्यांची खडी. मोठा ट्रॅक्टर ओल्या हिरवळीत चाकोऱ्या पाडेल आणि हिवाळा सरला की बहुतेक वेळ उभा राहील. उलट सर्वांत लहान घेतला असता तर जानेवारीत रोज बर्फाशी नव्हे, ट्रॅक्टरशीच झुंजावं लागलं असतं.

राहता राहिली ती २००७सारखी वेळ, जेव्हा छातीभर हिम थोड्या दिवसांत येतं. तिच्यासाठी त्यांनी यंत्र घेतलंच नाही. शेजाऱ्याशी बोलून ठेवलंय. त्याचा शंभर एचपीचा ट्रॅक्टर त्या दिवशी येईल, बदल्यात हे सुट्टीच्या दिवसांत त्याचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून देतील. पठारावरच्या बहुतेक घरांचं गणित असंच बसवलेलं दिसलं. रोजच्या बर्फाएवढा ट्रॅक्टर आपला घ्यायचा आणि दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या बर्फासाठी गावात संबंध ठेवायचे. मोठं यंत्र घेऊन माणसांची गरज संपते असं ज्यांना वाटलं, त्यांचाही टायर कधीतरी नाल्यात गेला आहे आणि तो ओढून काढायला शेजारीच आला आहे.